गिरणगावातील यंत्रसुरक्षा आणि विजेचे हातड्रिल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
परळ-लालबागच्या इतिहासात गिरण्या व संप यांची चर्चा विपुल झाली. यंत्रापासून कामगाराच्या संरक्षणाचा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात विजेच्या हातड्रिलच्या अनुषंगाने त्याचा विचार केला आहे.

कायदा आणि यंत्र
1881 च्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांना संरक्षक कठडा आवश्यक ठरविला. तेव्हा गिरण्या वाफेवर चालत. 1915 मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईस मिळू लागली आणि गिरण्यांच्या विद्युतीकरणास वेग आला. 1948 च्या कायद्यातील कलम 21 यंत्राच्या फिरत्या भागांविषयी, तर कलम 35 उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांच्या रक्षणाविषयी होते.

हातड्रिलचे वेगळेपण
हातड्रिलचे फिरते टोक झाकल्यास कामच होत नाही. म्हणून येथे कठड्याची जागा कारागिराच्या सवयीने घ्यावी लागते. सैल बाही व हातमोजे टाळणे, चष्मा लावणे, बिट बदलण्यापूर्वी प्लग काढणे, चकची किल्ली काढूनच ड्रिल सुरू करणे, सोललेली वायर न वापरणे या त्या सवयी होत. धातूच्या कवचाच्या जुन्या ड्रिलला तीन पिनांचा प्लग व अर्थिंग अनिवार्यच.

समारोप
1982 च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. ड्रिल मात्र चाळीतील खोल्यांच्या दुरुस्तीत वापरले जाऊ लागले. तेथे कारखाना निरीक्षक नव्हता. शतकभर मालकावर असलेली संरक्षणाची जबाबदारी अशा रीतीने एकट्या कारागिरावर आली. त्यास प्रशिक्षण व सुस्थितीतील अवजार मिळणे, हा म्हणूनच कामगारहक्काचाच प्रश्न ठरतो.