जलजीवशास्त्राचे जर्नल कसे सुरू होते?

पूर्णा नदीत, काटेपूर्णाच्या जलाशयात किंवा मेळघाटातील सिपना नदीत आज कोणते मासे, शिंपले आणि पाणकिडे आहेत, याची खात्रीशीर नोंद असेल तरच वीस वर्षांनी काय नाहीसे झाले ते सांगता येईल. अशा नोंदी तज्ज्ञांकडून तपासून प्रसिद्ध करणे आणि कायम उपलब्ध ठेवणे, हे संशोधन-जर्नलचे काम.

वऱ्हाडाची गरज

वऱ्हाडात विषयांची वानवा नाही. सातपुड्यातील डोंगरी नद्या, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, मोठी धरणे आणि गावतळी जवळजवळ आहेत. बुलढाण्यातील लोणार सरोवराचे पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झाले, तेव्हा त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. असा बदल नेहमीचा की वेगळा, हे ठरवायला जुन्या नोंदी लागतात.

एकत्र येण्याचा फायदा

एकाच विभागातील लोक लेखक, संपादक आणि परीक्षक असतील, तर जर्नलवर विश्वास बसत नाही. अमरावतीत 1983 साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. अकोल्यात 1969 पासूनचे कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था आहे. प्राणिशास्त्र, पाणी, माती आणि मत्स्यरोग यांचे जाणकार अशा संस्थांतून एकत्र येऊ शकतात. परीक्षक मात्र त्यांच्याबाहेरचेही हवेत.

कोणत्या पायऱ्या असतात?

1. धोरण: कोणते लेख घ्यायचे, परीक्षण कसे होईल, चूक आढळल्यास लेख मागे कसा घ्यायचा, हे आधीच लिहून जाहीर केले जाते.

2. आयएसएसएन: हा नियतकालिकाचा आठ अंकी ओळखक्रमांक. भारतात तो दिल्लीतील राष्ट्रीय केंद्राकडून मोफत मिळतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीसाठी वेगळा क्रमांक लागतो. हा क्रमांक म्हणजे दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे.

3. डीओआय: प्रत्येक लेखाला मिळणारा कायमचा क्रमांक. संकेतस्थळाचा पत्ता बदलला आणि नवा पत्ता वेळेवर नोंदवला, तर लेख सापडतो.

4. जतन: जर्नल बंद पडले तरी लेख वाचता यावेत, म्हणून त्यांच्या प्रती दुसऱ्या संग्रहात ठेवल्या जातात.

नव्या प्रजातीचे नियम

मरळ किंवा वाम ही नावे बाजारात पुरतात. पण स्थानिक नावे गावागणिक बदलतात, म्हणून संशोधनात शास्त्रीय नाव लागते. प्राण्याच्या नव्या प्रजातीचे नाव केवळ ऑनलाइन जर्नलमधून जाहीर करण्यास आंतरराष्ट्रीय नामकरण नियमांनी 2012 मध्ये मान्यता दिली. त्यासाठी लेखाची झूबँकमध्ये आधी नोंद असावी लागते. भारतात जैवविविधता कायदा, 2002 नुसार नव्या प्रजातीचा नमुना अधिकृत संग्रहालयात जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था हे त्यांपैकी एक ठिकाण आहे. अभयारण्यातून नमुने घ्यायचे तर वनविभागाची परवानगी लागते. संपादकाने हे कागद लेखासोबतच मागायला हवेत.

खर्च आणि फसवणूक

खर्च वाचकाने वर्गणीतून, लेखकाने शुल्कातून किंवा संस्थांनी स्वतः उचलायचा, असे तीन मार्ग आहेत. लेखकाच्या शुल्काचा गैरफायदा घेत पैसे घेऊन परीक्षणाविना लेख छापणाऱ्या जर्नलना लुटारू जर्नल म्हणतात. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ यादी आणली होती. फेब्रुवारी 2025 मध्ये ती बंद झाली. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्था आणि संशोधक यांच्यावर आहे.

त्यामुळे नव्या जर्नलमध्ये लेख देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: संपादक मंडळावरील व्यक्तींनी खरोखर संमती दिली आहे का, अंक वेळेवर निघतात का आणि परीक्षणात काही लेख नाकारले जातात का. ‘दोन दिवसांत प्रसिद्धी’ असे आश्वासन मिळाले, तर परीक्षण होणार नाही असे समजावे.