गंगातीरीचा भोटबागान

सुरतेत पर्वत पाटिया येथे आमच्या वकिलीच्या कचेरीत देवस्थानांचे कागद अधूनमधून येतात. परवा एका लहानशा मंदिराचे विश्वस्त जुन्या सनदेची नक्कल घेऊन आले आणि त्यांनी पृच्छा केली, "ज्याच्या नावे कागद, त्याचेच देऊळ ना?" विश्वस्त हा मालक नव्हे, देवाच्या द्रव्याचा राखणदार होय, हे कायद्याचे उत्तर आम्ही दिले. परंतु ते गृहस्थ गेल्यावर आमचे मन वंगदेशी, हुगळीच्या पश्चिम तीरावर जाऊन पोहोचले.

तेथे हावड्यानजीक घुसुडी येथे भोटबागान नावाचा मठ आहे. भोट म्हणजे तिबेट. भूमी इंग्रज कंपनीने दिलेली, मूर्ती व द्रव्य तिबेटातील बौद्ध धर्मगुरूंचे, आणि महंत मात्र दशनामी शैव गोसावी! मग हे देवस्थान कोणाचे म्हणावे?

ही हकीकत ऐकण्याजोगी आहे. कूचबिहारच्या प्रकरणी कंपनीचे भूतानशी युद्ध जुंपले, तेव्हा १७७४ मध्ये ताशिल्हुन्पो मठाचे अधिपती पंचेन लामा लोब्झांग पाल्देन येशे यांनी सलोख्यासाठी वॉरन हेस्टिंग्जला पत्र धाडिले. ते पोहोचविणाऱ्यांत पूरणगिरी नावाचे गोसावी होते. यात्रेबरोबर व्यापार करणारा हा पंथ आपणांस अपरिचित नाही. पुण्यातील त्रिशुंड गणपतीचे मंदिर गोसाव्यांनीच उभारिले. हेस्टिंग्जने जॉर्ज बोगल यास तिबेटात पाठविले, तेव्हाही पूरणगिरी सोबत होते. आपण पूर्वजन्मी वंगदेशात जन्म घेतला होता, अशी लामांची श्रद्धा होती. आपल्या लोकांना पूजेसाठी व उतरण्यासाठी गंगेच्या काठी स्थान असावे, ही इच्छा त्यांनी बोगलपाशी बोलून दाखविली. त्यानुसार १७७६ च्या सुमारास मंदिर उभे राहिले. लामांनी तारा, महाकाल आदी मूर्ती पाठविल्या, आणि कारभार पूरणगिरींच्या हाती सोपविला.

याच लामांसाठी थोड्याच वर्षांत दुसरे एक मंदिर उभे राहिले, तेही ऐश्वर्याच्या शिखरावर. चीनचा सम्राट छियेनलुंग याच्या सत्तराव्या वाढदिवसाचे निमंत्रण स्वीकारून लामा १७७९ मध्ये निघाले. जेहोल, म्हणजे आजचे छंगद, येथे सम्राटाने १७८० मध्ये त्यांच्या निवासासाठी ताशिल्हुन्पोच्या धर्तीवर मंदिर बांधविले. त्याच्या नावात आपला सुमेरूच आहे: सुमेरूचे सौभाग्य व दीर्घायुष्य! छपरावर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे, वर सुवर्णनाग. पूरणगिरी लामांच्या परिवारात होते. लामांनी सम्राटापाशी हेस्टिंग्जची गोष्ट काढली, असे त्यांचे निवेदन सांगते. परंतु त्याच वर्षी पेकिंग येथे देवीच्या रोगाने लामांचा अंत झाला, आणि तो संधी तेथेच मावळला.

ज्याने ठेव ठेविली तो गेला. १७८५ मध्ये हेस्टिंग्जही हिंदुस्थान सोडून गेला. आता हिशेब मागणारा कोण होता? तरीही पूरणगिरींनी त्या मूर्ती आणि तो मठ टाकिला नाही. १७९५ मध्ये मठावर दरोडा पडला; त्याला तोंड देताना ते मारले गेले. त्यांची समाधी तेथेच आहे, वर शिवलिंग आहे. शैव देहाने बौद्ध ठेव राखिली. त्यांनी तारेला भवानी ठरवून आपली केली नाही, अथवा परक्याची म्हणून दूर सारिली नाही. एवढ्यासाठी तरी आम्ही त्यांना नमस्कार करितो.

आपल्या समाजाला हे निराळे समजावून सांगावयास नको. १५६० मध्ये श्रीमंगेश कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळास आले, तो मुलूख आदिलशाहीचा होता. देव ज्यांनी नेला त्यांची भक्ती आपण गातो; ज्यांच्या भूमीवर तो सुखरूप राहिला त्यांचेही स्मरण ठेवावे.

भोटबागानच्या सनदा गौरदास बसाक यांनी १८९० मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. आम्ही वकील, कागदाचे मोल आम्ही कमी मानीत नाही. सनद नसती तर जमिनीचा हक्क सिद्ध करणे दुर्घट झाले असते. तथापि कागद जमीन राखतो. दरोड्याच्या रात्री दारात कोण उभे राहील, हे तो सांगू शकत नाही. ते विश्वस्त गृहस्थ पुन्हा येतील, तेव्हा सनदेची नक्कल त्यांच्या हाती देताना पूरणगिरींची ही गोष्टही त्यांना सांगावी, असा आमचा विचार आहे.