धर्मग्रामाच्या वहीतील पूर्वज

माणूस देश सोडतो तेव्हा घर, शेत आणि आप्त मागे राहतात. तीन पिढ्या उलटल्या की मूळ गावाचे नावही विस्मरणात जाते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड व हॉलंड या देशांतून अमेरिकेत गेलेल्या माणसांचे वंशज आज ते हरवलेले गाव शोधत आहेत. राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाट लिहून ठेवतात. परंतु बटाट्यावर गुजराण करणाऱ्या आयरिश कुळाची किंवा ब्राबांतमधील गरीब शेतकऱ्याची वंशावळ कोण लिहिणार? या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या एका साध्या शिस्तीत आहे.

सन १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूने विवाहांची नोंदवही ठेवावी असा नियम केला. १६१४ च्या रोमन संस्कारविधीने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींचे नमुने घालून दिले. हेतू वंशशोधनाचा नव्हता. चोरून विवाह होऊ नयेत, संस्कार दोनदा दिला जाऊ नये, एवढीच त्यामागील काळजी होती. परंतु या काळजीपोटी मजुराचे नावही सरदाराच्या नावाइतक्याच निष्ठेने लिहिले गेले.

आयर्लंडमध्ये ही निष्ठा सोपी नव्हती. अठराव्या शतकातील जाचक कायद्यांमुळे कॅथलिक समाज दडपला गेला होता, म्हणून अनेक धर्मग्रामांच्या वह्या त्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर सुरू होतात. पुढे १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक परदेशी गेली. शासकीय जन्मनोंदणी सुरू झाली ती १८६४ मध्ये, म्हणजे दुष्काळ सरल्यावर. त्यातच जून १९२२ च्या अखेरीस यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली. तेथे ठेवलेल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या अनेक वह्याही गेल्या. कॅथलिक वह्या वाचल्या, कारण त्या खेडोपाडी धर्मगुरूंच्या कपाटात होत्या. २०१५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये आहेत. तेथील ‘याकोबुस’ म्हणजे घरचा जेम्स, ‘गुलिएल्मुस’ म्हणजे विल्यम. त्यांत धर्मपिता व धर्ममाता यांचीही नावे असतात. ती सहसा नात्यातलीच असल्याने एका बालकाच्या नोंदीतून सारे कुटुंब उलगडते.

नेमके गाव समजल्यावाचून मात्र या वह्यांचा उपयोग नाही. आयर्लंडमध्ये साठ हजारांहून अधिक वाड्या आहेत, आणि अमेरिकेतील कागदांवर अनेकदा नुसते ‘आयर्लंड’ लिहिलेले असते. अशा वेळी बॉस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक वृत्तपत्राचा आधार मिळतो. १८३१ पासून १९२१ पर्यंत त्यात ताटातूट झालेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत. कोणी भावाला शोधी, कोणी नवऱ्याला; आणि ओळख पटावी म्हणून परगणा, धर्मग्राम व वाडी कळवी. त्या वेळचा विरह आज संशोधकाचा वाटाड्या झाला आहे.

डच पूर्वजांचा शोध वेगळ्या वाटेने जातो. सतराव्या शतकात आजच्या न्यूयॉर्कच्या जागी डच वसाहत होती. तेथील अनेकांना आडनावच नव्हते. पीटरचा मुलगा यान, तर तो यान पीटर्सेन. यानचा मुलगा हेंड्रिक, तर तो हेंड्रिक यानसेन. नावापुढे वडिलांचे नाव लावणाऱ्या आपल्यासारख्यांना ही रीत चटकन उमगेल. आडनावे सक्तीची झाली ती नेपोलियनच्या १८११ च्या हुकमाने. शासकीय नोंदणीही त्याच सुमारास देशभर रुजली. या डच कागदांत स्त्री आपल्या माहेरच्या नावानेच नोंदली जाते, त्यामुळे आईकडचे घराणेही हाती लागते.

कॅथलिक डचांची एक मोठी तुकडी १८४८ मध्ये निघाली. डॉमिनिकन धर्मगुरू थिओडोर व्हान डेन ब्रूक यांच्या पुढाकाराने ब्राबांतमधील कुटुंबे तीन जहाजांतून विस्कॉन्सिनमधील लिटल शूट येथे जाऊन वसली. १८५० पासून हॉलंडच्या गावोगावी घरवार लोकसंख्या-नोंदवही ठेवण्यात आली. तीत जन्मतारीख, धर्म आणि गाव सोडून कोठे गेले हेही लिहिले जाई. म्हणून त्यानंतर निघालेल्यांचा माग पुष्कळदा मूळ गावातच लागतो.

या शोधात मोह एकच : सोयीचा पूर्वज स्वीकारण्याचा. ॲनी मूरची कथा पाहा. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड हे स्थानक उघडले, तेव्हा कॉर्कहून दोन भावांसह आलेली ही मुलगी तेथे पहिली उतरली. ती पुढे टेक्ससमध्ये स्थायिक झाली आणि तिकडेच अपघातात वारली, असे अनेक वर्षे मानले गेले. २००६ मध्ये वंशशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी कागद तपासून दाखवले की टेक्ससमधील ती बाई मुळात इलिनॉयमध्ये जन्मलेली होती. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच संसार करीत राहिली. तिची अनेक मुले लहानपणीच गेली. १९२४ मध्ये ती वारली आणि कॅल्व्हरी दफनभूमीत नावाची शिळा नसलेल्या थडग्यात विसावली. २००८ मध्ये तेथे आयरिश दगडाचा क्रूस उभारण्यात आला. पश्चिमेकडच्या साहसाची कथा ऐकायला गोड होती; पण तिच्यामुळे एका गरीब मातेचे दुःख ऐंशीहून अधिक वर्षे झाकले गेले.

म्हणून जाणकारांचा दंडक असा : आपल्यापासून आरंभ करावा आणि एकेक पिढी मागे जावे, नावासोबत वय, गाव, भावंडे व साक्षीदार जुळतात का ते पाहावे. केवळ नामसाम्य हा पुरावा नव्हे.

१९८३ च्या धर्मविधी-संहितेनेही (नियम ५३५) प्रत्येक धर्मग्रामाला स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या वह्या ठेवण्याचे आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपण्याचे बंधन घातले आहे. ते बंधन आपल्या धर्मग्रामांनाही लागू आहे. आज आपलीही मुले दूरदेशी संसार थाटीत आहेत. त्यांची पणतवंडे उद्या याच वह्यांकडे वळतील. वाळवी आणि ओल यांपासून त्या वाचवणे, तसेच घरातील वृद्धांकडून नावे, नाती व गावे वेळीच लिहून घेणे, हे आपले काम आहे. ज्याला परमेश्वर नावाने ओळखतो, त्याचे नाव आपल्या निष्काळजीपणामुळे पुसले जाऊ नये.