दंडातली नळी आणि तिचा कॉक

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला आशाताई आल्या होत्या. पाळणा लांबवायच्या साधनांबद्दल बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की काही राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत आता सरकारी दवाखान्यात दंडात बसवायची कांडी मिळायला लागली आहे. एकदा बसवली की तीन वर्षं रोजच्या गोळीची आठवण ठेवायला नको. तेवढ्यात मागून एकीने विचारलं, "आणि मधेच नको वाटली तर?" या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो आज आम्ही सांगणार आहोत.

सुरुवात कुटुंब नियोजनापासून झालीच नाही, झाली हृदयापासून. अमेरिकेच्या नौदलाच्या बेथेस्डा इथल्या संस्थेत ज्युडा फोकमन आणि डेव्हिड लाँग हे दोन डॉक्टर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की सिलिकॉन रबराच्या नळीच्या भिंतीतून काही रंग आरपार जातात, काही जात नाहीत. नळीला भोक नाही, फट नाही, तरी तेलात विरघळणारे पदार्थ तिच्यातून पाझरतात. मग नळीत औषधच भरलं तर? त्यांनी कुत्र्यांच्या हृदयात असं औषध बसवून पाहिलं आणि १९६४ साली ते छापलं.

आता हे पाझरणं नीट समजून घेऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे. गोळी घेतली की औषध रक्तात एकदम वाढतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उतरतं. पाटाने पाणी सोडल्यासारखं, आधी चिखल, मग भेगा. नळीचं काम ठिबकसारखं. आत औषध कोरडं भरलेलं असतं. भिंत एका वेळी थोडंच बाहेर जाऊ देते. जितकं गेलं तितकं आतलं पुन्हा भिंतीपर्यंत येतं. म्हणून आत किती साठा आहे यापेक्षा भिंत किती जाड आणि नळी किती लांब, यावर वेग ठरतो.

न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेतले शेल्डन सीगल यांनी ही युक्ती गर्भनिरोधासाठी उचलली. चिलीचे डॉक्टर होरासिओ क्रोक्साटो त्यांच्या सोबतीला होते. त्यातून पुढे नॉरप्लांट तयार झालं. काडीपेटीच्या काडीपेक्षा आखूड अशा सहा नळ्या, प्रत्येकीत ३६ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. हे संप्रेरक गर्भनिरोधक गोळ्यांतही असतं. नळ्या दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली बसवायच्या. सुरुवातीला दिवसाला साधारण ८५ मायक्रोग्रॅम औषध झिरपायचं, पुढे उतरत उतरत ३० च्या आसपास. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. हिशेब हे आमचं रोजचंच काम, म्हणून करून पाहिला. सहा नळ्यांत २१६ मिलिग्रॅम. दिवसाला ५० धरले तरी पाच वर्षांत ९० च्या आसपासच जातात. म्हणजे मुदत संपली तरी निम्म्याहून जास्त औषध दंडातच. नळ्या आपोआप संपत नाहीत, विरघळत नाहीत. त्या कुणीतरी काढाव्याच लागतात.

१९८३ मध्ये फिनलंडने नॉरप्लांटला मान्यता दिली, १९९० च्या डिसेंबरात अमेरिकेने. गर्भ राहण्याचं प्रमाण फारच कमी, म्हणून कौतुक झालं. तक्रार मुख्यतः पाळीची. ती कधी लांबायची, कधी मधेच डाग, कधी महिनोन्महिने नाहीच. डॉक्टरांच्या कागदावर ही किरकोळ बाब असते. ज्या घरात पाळीत चूल आणि देव दोन्ही बंद, तिथे ती किरकोळ नसते हे तुम्हाला सांगायला नको.

बसवायला काही मिनिटं लागायची. काढायला मात्र वेळ, कारण शरीर नळीभोवती स्वतःचं जाळं विणतं. खोल बसलेली नळी शोधावी लागते. बसवायला शिकलेले पुष्कळ, काढायला शिकलेले कमी.

बांगलादेशात १९८५ पासून नॉरप्लांटच्या चाचण्या झाल्या. ढाक्याच्या उबिनिग या संस्थेतल्या फरीदा अख्तर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बायकांना भेटून त्यांचं म्हणणं लिहून काढलं. त्रास होतो, नळ्या काढा, असं सांगत बायका परत परत जात होत्या आणि त्यांना परत पाठवलं जात होतं. ठिबकचा कॉक बांधावर असतो, आपण जाऊन फिरवतो. इथे कॉक दुसऱ्याच्या हातात होता.

श्रीमंत देशातही वेगळं घडलं नाही. अमेरिकेत मान्यता मिळून दोन दिवस झाले नाहीत तोच फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राने गरीब बायकांना नॉरप्लांटकडे वळवावं असा अग्रलेख छापला आणि टीका झाल्यावर माफी मागितली. पुढच्याच महिन्यात, १९९१ च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाने शिक्षेची अट म्हणून एका बाईला ते बसवून घ्यायला सांगितलं. कॅन्सस राज्यात सरकारी मदतीवर जगणाऱ्या बायकांना ते बसवल्यास ५०० डॉलर द्यावेत, असा प्रस्ताव आला. तो पास झाला नाही. सीगल यांनी या सक्तीला उघड विरोध केला. आम्हाला त्यांचं हे विशेष वाटतं, स्वतः घडवलेल्या वस्तूबद्दल असं बोलणारे थोडे.

आपल्याकडचं एक उदाहरण इंजेक्शनचं आहे. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटनचेरूला नेट-एन या दोन महिन्यांच्या इंजेक्शनची चाचणी होणार होती. ही चाचणी आहे, हे जमलेल्या बायकांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि चिंगारी या महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. इंजेक्शन एकदा टोचलं की बाहेर काढता येत नाही. नळी काढता येते, आणि काढल्यावर औषध थोड्या दिवसांत शरीरातून जातं. हा नळीचा मोठा गुण, पण काढणारं कुणी जवळ असेल तरच.

नंतर सहाच्या जागी दोन कांड्यांचं इम्प्लांट आलं, मग एकाच कांडीचं. चार सेंटीमीटर लांब, वेगळ्या प्लास्टिकची, आत ६८ मिलिग्रॅम एटोनोजेस्ट्रेल. एकच असल्याने बसवणं सोपं, शोधणंही सोपं. आशाताई सांगत होत्या ती अशीच एक कांडी.

बैठक संपताना आम्ही त्यांना विचारलं, आपल्याकडे आली तर बसवून कोण देईल ते सांगाल, पण काढून कोण देईल, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी, आणि मुदतीआधी मागितली तर नाही म्हणणार का? त्यांनी चारही प्रश्न वहीत लिहून घेतले. तालुक्याच्या बैठकीत विचारून सांगते म्हणाल्या. उत्तर आलं की पुढच्या कार्यक्रमात सांगू.