मोटेला पाजलेलं तेल

'तेल पाजणं' हा मराठीतला मोठा गोड शब्दप्रयोग आहे. डोक्याला आपण तेल लावतो, दिव्यात तेल घालतो. वहाणेला मात्र तेल पाजतो. जणू तिला तहान लागते! आणि गंमत म्हणजे, हे जवळजवळ खरंच आहे.

जनावराच्या कातडीत मुळात स्निग्धांश असतो. चुन्याच्या पाण्यात भिजवून, खरवडून ती कमावताना तो बराचसा निघून जातो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरलं की कातडं कुजत नाही, पण कोरडं राहतं. भिजून वाळलं की त्यातले बारीक तंतू एकमेकांना चिकटतात. कातडं ताठरतं, घडीवर तडकतं. तेल या तंतूंच्या मधे शिरतं आणि ते एकमेकांवरून सहज सरकू लागतात. मेणाचं काम निराळं. ते वरच्या अंगाला राहून पाणी अडवतं.

आपल्याकडे या ज्ञानाची खरी परीक्षा घेतली ती मोटेने. बैल धावेवरून उतरायचे, नाडा ताणला जायचा, चामड्याची मोट भरून वर यायची आणि थारोळ्यात रिती व्हायची. दिवसभर हेच. रात्री ती वाळायची, सकाळी पुन्हा विहिरीत. असल्या चामड्याला साधं तेल किती दिवस पुरणार? पाण्याने धुऊन न जाणारं काहीतरी हवं होतं.

ते दख्खनच्या शेतकऱ्याला सापडलं करडईत. खाण्याचं तेल घाण्यावर निघायचं. मोटेचं तेल मात्र विस्तवावर. एक मडकं जमिनीत पुरायचं. दुसऱ्यात बी भरून, तोंडावर भोकाची झाकणी बसवून ते पहिल्यावर पालथं घालायचं आणि भोवती गोवऱ्या पेटवायच्या. आतलं बी करपायचं आणि खालच्या मडक्यात काळं, चिकट तेल ठिबकायचं. ते खाता येत नसे. पण विहिरीचे दोर आणि पाण्यातलं चामडं यांच्यासाठी त्याच्यासारखं औषध नव्हतं. जॉर्ज वॉट या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातल्या व्यापारी उत्पादनांवर 1908 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या तेलाची नोंद आहे. तिकडे पेशावरकडचे कारागीर हेच करडईचं तेल तासन्‌तास उकळून थंड पाण्यात ओतत आणि त्याचा मेणासारखा लगदा करत. त्याला 'आफ्रिदी मेण' असंच नाव पडलं.

आज रसायनशास्त्र याचं कारण सांगतं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेल दाट, चिकट होतं. एरंडेल तसं सुकत नाही, म्हणून ते चामडं मऊ ठेवायला बरं. आपल्या पूर्वजांना रेणू ठाऊक नव्हते, पण बोटांना फरक कळत होता.

कुणाची ही बोटं? ढोर समाजाने कातडं कमावलं, चर्मकार समाजाने मोट शिवली, मातंग समाजाने नाडा वळला. त्या मोटेच्या पाण्यावर गावाचा मळा पिकला. मोटेला विटाळ नव्हता. ती दिवसभर विहिरीत बुडत होती. विटाळ होता तो ती शिवणाऱ्या हाताचा! जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, तेव्हा या हिशेबातली चूक जगापुढे आली.

इथे मला निजाम भिश्ती आठवतो. 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग. पाणी पाजणारा तो भिश्ती. 1539 साली चौसा इथे हरलेला हुमायून गंगेत बुडता बुडता वाचला, तो या निजामाच्या फुगवलेल्या मशकेमुळे. कातडं मऊ आणि शिवण घट्ट असल्याशिवाय मशकेत ना पाणी राहतं, ना हवा. बादशहाने उपकार स्मरून त्याला थोडा वेळ तख्तावर बसवलं. आपल्या गावांनी मोट शिवणाऱ्याला विहिरीच्या काठावरही बसू दिलं नाही.

पुढे इंजिनं आली, विजेचे पंप आले आणि विसाव्या शतकातच मोट थांबली. तिच्याबरोबर ते काळं तेलही गेलं. कोल्हापुरी चप्पल मात्र टिकली. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

घरच्या चामड्यासाठी आजही साधा उपाय करता येतो. मधमाश्यांचं मेण एक भाग आणि एरंडेल चार भाग घ्यावं. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून मेण वितळवावं. ते साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं. थेट आचेवर ठेवू नये. थंड झाल्यावर मऊ फडक्याने चामड्यावर अगदी पातळ चोळावं, रात्रभर मुरू द्यावं आणि सकाळी पुसून घ्यावं. रंग थोडा गडद होतो, म्हणून आधी आतल्या कोपऱ्यावर लावून पाहावं. मखमली चामड्याला हे लावू नये.

पावसाळा संपला की चपला उन्हात न ठेवता सावलीत वाळवा आणि त्यांना असं तेल पाजा. तेवढ्यापुरतं तरी त्या शिवणाऱ्या हातांची आठवण ठेवूया.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)