आतड्यांच्या विकारांवरील दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक तुलना

प्रास्ताविक :
आतड्यांच्या विकारांवर पोटावर मोठा छेद घेऊन शस्त्रक्रिया करणे, हीच विसाव्या शतकात दीर्घकाळ रूढ पद्धती होती. लहान छिद्रांतून दुर्बीण व उपकरणे आत घालणारी लॅपरोस्कोपी पुढे आल्यावर रुग्णहिताच्या दृष्टीने श्रेयस्कर पद्धती कोणती, हा प्रश्न निर्माण झाला.

विकासक्रम :
जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९८० मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने अपेंडिक्स काढले. मोठ्या आतड्याचा भाग या पद्धतीने काढल्याचा अहवाल अमेरिकेतून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून रोगनिदानासाठी लॅपरोस्कोपीचा अवलंब केला आणि १९९० मध्ये दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. विकसनशील देशांतील गरीब रुग्णांना या तंत्राची गरज अधिक आहे, अशी त्यांची भूमिका होती. कारण कामावर लवकर परतणे ही हातावर पोट असणाऱ्याचीच खरी निकड होय.

तुलना :
मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८७२ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, तर खुल्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के होते. हा फरक नगण्य ठरला. रुग्णालयातील मुक्काम सहा दिवसांवरून पाचवर आला. मात्र शस्त्रक्रियेचा वेळ ९५ वरून १५० मिनिटांवर गेला आणि २१ टक्के रुग्णांत अखेर मोठा छेद घ्यावाच लागला. गुदाशयाच्या कर्करोगाच्या ४७१ रुग्णांवरील २०१७ च्या चाचणीत हे प्रमाण लॅपरोस्कोपीत १२.२, तर रोबोटिक पद्धतीत ८.१ टक्के आढळले. हा फरकही संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. रोबोटचा खर्च मात्र अधिक होता.

खानदेशातील अनुभव :
खर्चाचा हाच प्रश्न खानदेशात निराळ्या मार्गाने हाताळला गेला. हर्नियात बहुधा आतड्याचा भाग पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून बाहेर येतो. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी खुल्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले. त्याविषयीचा बहुकेंद्री अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष :
छेद किती लहान, एवढ्यावरून पद्धतीचे श्रेष्ठत्व ठरत नाही. रोग उलटणे, बुडणारी मजुरी आणि एकूण खर्च ही तिन्ही मापे एकत्र लावावी लागतात. पाचोरा परिसरातील शेतमजुराच्या दृष्टीने यांतील एकही माप वगळणारी तुलना अपुरी ठरते.