पाणी कोठून शिरते?

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. शाळा सुटली तेव्हा पाऊस असा लागला होता, की समोरचे वडाचे झाडही दिसेना. मी मोबाइल काढला, गळ्यात अडकवायच्या पारदर्शक पिशवीत घातला, वरची खिटी दाबली आणि निर्धास्तपणे सायकलीवर टांग टाकली. पिशवी घेताना दुकानदार म्हणाला होता, "सर, डोळे झाकून घ्या. शंभर टक्के वॉटरप्रूफ." मी खरोखरच डोळे झाकून घेतली होती. घरी येऊन पाहतो तो पिशवीत चमचाभर पाणी आणि फोन गतप्राण.

घरातल्या मंडळींनी तो तांदळाच्या डब्यात पुरला. तांदूळ दोन दिवस खाता आले नाहीत एवढेच. फोन काही उठला नाही. (आता फोन तयार करणारेच सांगतात, की तांदळात ठेवू नका, तांदळाचे कण आत जाऊन अधिकच नुकसान होते.)

फोन गेल्याचे मला फारसे वाटले नाही. वाटले ते त्यातल्या आवाजाचे. एका कादंबरीसाठी मी माझ्या काकांकडून पानशेतच्या पुराची हकीगत वदवून घेतली होती. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरण गेले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. काका तेव्हा चौदा वर्षांचे होते. तीन रविवार बसून त्यांनी सारे सांगितले आणि चौथा रविवार उजाडण्यापूर्वी ते गेले. पुराची ती साक्ष चमचाभर पाण्यात बुडाली.

त्या हकीगतीतला एक प्रसंग मला पाठ आहे. आमची आजी कोकणातली. तिकडच्या हवेत कागदसुद्धा पापडासारखा सादळतो, म्हणून तिला एक सवय होती. घराचे खरेदीखत, लग्नाचा फोटो आणि मुलांचे शाळेचे दाखले तिने मेणकापडात दुहेरी गुंडाळून, सुतळीने आवळून, पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. झाकणाच्या कडेला मेणही फिरवले होते. पुराच्या दिवशी घरची सारी माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. डबा माळ्यावरच राहिला आणि पाणी माळ्याच्या वर चढले. चार दिवसांनी चिखलातून तो डबा निघाला. कागदांच्या कडा दमट झाल्या होत्या, पण शाई शाबूत होती.

आजीच्या हातच्या साध्या मेणकापडाला जे साधले, ते माझ्या नव्या पिशवीला का साधू नये? या प्रश्नाने मला त्या सुट्टीत पुस्तकांच्या मागे लावले, आणि पाण्याला अडवण्याच्या माणसाच्या खटपटीचा मोठा गमतीचा इतिहास हाती लागला. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनाही तो गोड लागेल, अशी आशा आहे.

पावसाशी आपली ओळख जुनी. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पाने यांचे इरले, धनगरी लोकरीचे घोंगडे आणि मेण किंवा तेल पाजलेले कापड, एवढ्यावर आपल्या पूर्वजांनी पावसाळे काढले. मेणकापडाचा गुण मोठा, पण खोडही मोठी. उन्हात ते चिकटते, थंडीत ताठ होते आणि घडीवर तडकते. मग त्या तडकीतून पाणी आत येते.

१८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश या रसायनज्ञाने या खोडीवर इलाज केला, असे त्याला वाटले. दगडी कोळशापासून दिव्यांचा गॅस काढताना जो टाकाऊ डांबरी पदार्थ उरे, त्यातून नाफ्था निघे. त्या नाफ्थ्यात रबर विरघळते हे त्याने हेरले. रबराचा तो लेप दोन कापडांच्या मधे घालून त्याने कापडाचे 'सँडविच' केले आणि पेटंट घेतले. त्याच्या नावावरून इंग्रजीत रेनकोटालाच 'मॅकिंटॉश' म्हणू लागले. फक्त लोकांनी स्पेलिंगमध्ये एक जादा 'के' घुसडला.

कापड पक्के होते, तरीही कोटवाले भिजतच होते! कारण शोधता आढळले, की शिंप्याच्या सुईने पाडलेल्या भोकांतून पाणी आत येते. जेथे पाण्याला वाट नव्हती तेथे शिवणीने ती करून दिली होती. शिवाय मेणकापडाची जुनी खोड रबरालाही होतीच. उन्हाळ्यात कोट चिकट होई आणि हिवाळ्यात लाकडासारखा ताठ.

ती खोड मोडली चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाने. रबरात गंधक मिसळून ते तापवले, तर थंडी-उन्हाला न जुमानणारे लवचिक रबर तयार होते, हे १८३९ साली त्याला उमगले. १८४४ साली त्याने पेटंट मिळवले. त्याच सुमारास इंग्लंडात मॅकिंटॉशचा भागीदार थॉमस हँकॉक यानेही हीच कृती पेटंट केली आणि दोघांत कज्जे झाले. गुडइयरने ऐन उमेदीची वर्षे या रबरापायी वेचली, कर्जासाठी तुरुंगही पाहिला आणि १८६० साली तो वारला तेव्हा डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ साली. तिच्याशी बिचाऱ्याचा संबंध नावापुरताच. आज आपल्या कुकरच्या झाकणात जी रबरी रिंग असते, बाटलीच्या बुचात जे वायसर असते, त्या साऱ्यांचे मूळ या कर्जबाजारी माणसाच्या चुलीपाशी आहे.

त्याच काळात मलायातल्या एका झाडाचा चीक युरोपात पोचला. त्याचे नाव गटापर्चा. समुद्राच्या तळाशी तो कुजत नाही, उलट अधिक टिकतो. मग तारायंत्राच्या तारांना त्याचे कवच चढवून त्या पाण्याखाली घालू लागले. डोव्हर ते कॅले ही १८५० साली टाकलेली पहिली तार लागलीच तुटली. १८५१ ची टिकली. आणि १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र आगबोटीने मुंबई आणि एडन यांच्यामध्ये समुद्रतळाशी तार टाकली, तेव्हा मुंबईचा संदेश पाण्याखालून विलायतेकडे धावू लागला. म्हणजे निरोपाला पाण्यापासून जपण्याची कला मुंबईने मोबाइलच्या कितीतरी आधी पाहिली आहे. पण तार एकदा टाकली की टाकली. तिला कोणी दिवसातून दहा वेळा उघडून पाहत नाही.

खरी कसोटी लागली ती मनगटावरच्या घड्याळापाशी. घड्याळ वापरायचे, तर त्याला रोज चावी द्यायला हवी. आणि चावीचे बटण म्हणजे घड्याळाच्या पेटीला पाडलेले भोक. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत कारागिरांनी युक्ती काढली, की अख्खे घड्याळच दुसऱ्या बंद पेटीत ठेवावे. पण चावीसाठी ती पेटी रोज उघडावी लागे, आणि रोजच्या उघडझापीने तिचे आटे नि वायसर झिजत. आपल्या मोबाइलच्या कव्हरची खरी पणजी हीच पेटी!

१९२६ साली हान्स विल्सडॉर्फ याच्या रोलेक्स कंपनीने 'ऑयस्टर', म्हणजे कालव, या नावाचे घड्याळ काढले. त्याचे चावीचे बटणच स्क्रूसारखे आवळून बसे. पुढच्या वर्षी, ७ ऑक्टोबर १९२७ रोजी, मर्सेडिस ग्लाइट्झ ही लंडनची टायपिस्ट मुलगी इंग्लिश खाडी पोहून गेली. तिच्याआधी कोणा ब्रिटिश स्त्रीला ते साधले नव्हते. चारच दिवसांनी दुसऱ्या एका बाईने खाडी पोहल्याचा खोटाच दावा केला. तो उघडकीस आला आणि मर्सेडिसच्या पराक्रमावरही लोकांचा संशय वळला. मानी मुलगी ती! २१ ऑक्टोबरला ती पुन्हा थंडगार पाण्यात उतरली. या वेळी विल्सडॉर्फच्या विनंतीवरून गळ्यात ते घड्याळ होते. दहा तासांहून अधिक वेळ झुंजल्यावर गारठ्याने तिला बोटीत ओढून घ्यावे लागले. पोहणे अपुरे राहिले, पण घड्याळ चालू होते. २४ नोव्हेंबरला 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर त्या घड्याळाची जाहिरात झळकली.

तरी दोष उरलाच. बटण आवळायला कोणी विसरले, की संपले. म्हणून १९३१ साली त्याच कंपनीने हाताच्या हालचालीवर आपोआप चावी बसणारे घड्याळ काढले. उघडण्याची गरजच कमी झाली, तेव्हा पाण्याची वाट खरी बंद झाली.

या इतिहासातून मला उमगले ते एवढेच. पाणी भिंत फोडून क्वचितच येते. आपल्या सोयीसाठी आपण जेथे दार ठेवतो, तेथून ते येते. कोटाला शिवण, घड्याळाला चावी, तशी मोबाइलला चार्जिंगची खाच. आजीचा डबा वर्षांनुवर्षे कोणी उघडला नव्हता. माझी पिशवी मी दिवसातून वीस वेळा उघडत होतो, आणि खिटीत अडकलेला एक रेतीचा कण मला दिसला नव्हता. दुकानदार शंभर टक्के खोटे बोलला असेही नाही. विकताना ती बहुधा कोरडीच राहत असेल.

म्हणून कव्हर घेताना पहिला प्रश्न हा, की हे मला दिवसातून किती वेळा उघडावे लागेल? नावेत बसण्यापुरते किंवा धबधब्याच्या सहलीपुरते हवे असेल, तर पिशवी पुरे. रोज पावसात हिंडणाऱ्याने सर्व बाजूंनी बसणारे कव्हर घ्यावे, आणि फोनला बिनतारी चार्जिंग असेल तर त्यातूनही ते होते का, हे पाहावे. जाड कव्हरात फोन तापतो आणि आवाज दबतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे, आकडे वाचावे. पेटीवर 'आयपी ६७' असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ७ असेल, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून पाहिले आहे असे समजावे. ८ असेल तर त्याहून कडक कसोटी, पण किती खोल आणि किती वेळ हे बनवणारा ठरवतो. म्हणून बारीक अक्षर वाचावे. पहिल्या आकड्याच्या जागी 'एक्स' असेल, तर धुळीची परीक्षा नोंदलेली नाही. गंमत अशी, की पाण्यात बुडवून उत्तीर्ण झालेली वस्तू नळाच्या जोरदार धारेतही उत्तीर्ण होईलच असे नाही. धारेची परीक्षा वेगळी, ५ आणि ६ आकड्यांची. शिवाय या परीक्षा गोड्या पाण्यात होतात. समुद्राचे खारे पाणी आणि साबणाचे पाणी यांचा अभ्यासक्रम निराळा. घड्याळांच्या २०१० सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात तर 'वॉटरप्रूफ' न म्हणता 'पाण्याला प्रतिकार करणारे' असेच म्हटले आहे. शब्द जरा नम्र झाला, हे बरे झाले.

तिसरे, स्वतः परीक्षा घ्यावी. फोन न घालता आत कोरडा टिपकागद आणि वजनासाठी नाणी घालून कव्हर अर्धा तास बादलीत बुडवून ठेवावे. कागद ओला निघाला, तर दुकानदाराशी वाद न घालता परत द्यावे. ही परीक्षा दर पावसाळ्याच्या आरंभी पुन्हा घ्यावी, कारण कुकरच्या रिंगप्रमाणे कव्हरचे रबरही वयाने कडक होते. आणि उन्हात तापलेला फोन एकदम गार पाण्यात नेऊ नये. आतली हवा आकसते आणि फट असली तर पाणी आत ओढून घेते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी कमरेइतक्या पाण्यातून घर गाठणारी माणसे अजून आपल्याला आठवतात. आता मोबाइल म्हणजे नुसता फोन नाही. खरेदीखताचे चित्र त्यात, लग्नाचा फोटो त्यात, दाखले त्यात. आजीचा सारा डबाच आपण खिशात घेऊन फिरतो. त्याचे मेणकापड नीट पारखून घ्यायलाच हवे.

काकांची हकीगत मी आठवेल तशी लिहून काढली आहे. घटना सगळ्या आल्या. पण डबा सापडल्याचे सांगताना ते मधेच थांबून हसले होते, ते हसणे कागदावर उतरत नाही. नव्या फोनसाठी मी कव्हर घेतले आहे, बादलीची परीक्षा घरच्या पोरांनी मोठ्या उत्साहाने पार पाडली आहे. शिवाय दर रविवारी संध्याकाळी फोनमधले जे मोलाचे असेल, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवतो. कव्हर कितीही चांगले निघाले, तरी हा नेम मोडायचा नाही असे ठरवले आहे.